ईआरपीची नवी नोकरी आणि लांब पल्ल्याचं ट्रेनिंग, दोन्ही एकाच कॅलेंडरवर कसं बसवायचं

आधी माझी नोकरी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत होती, स्टोअर आणि प्लॅनिंग. फर्स्ट शिफ्ट संपली की संध्याकाळ आपली, सायकल काढायची, राकसकोपला नाहीतर बेळगुंदीच्या बाजूला जाऊन दिवे लागायच्या आत घरी. मग पस्तिशीला टेकल्यावर ईआरपी, म्हणजे कंपनीचा स्टॉक, खरेदी, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवणाऱ्या एका कंपनीत फंक्शनल कन्सल्टंट म्हणून लागलो. पगार वाढला, खुर्ची आली, एसी आला, आणि संध्याकाळ गेली. दीड वर्षात जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितोय कारण आमच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला कुणीतरी असाच जॉब बदलतंय आणि मग सायकल माळ्यावर जातीय.

आधी माझा घोळ सांगतो म्हणजे पुढचं कळेल. जॉइन होऊन दोन महिने झाले होते आणि मी ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकल राइड, भरून ठेवलेली, जॉब बदलायच्या आधीच पैसे भरलेले. त्याच आठवड्यात क्लायंटचं कटओव्हर, म्हणजे जुन्या सिस्टीमवरून नव्यावर जायचं काम, पुढं सरकून आलं. तीन रात्री चार-चार तास झोप, तरी शनिवारी सकाळी सहाला स्टार्टला उभा. पेठ नाक्यापर्यंत जाऊन परत, असा रूट. परतीला संकेश्वरला रात्री दहाला एका ढाब्याच्या खाटेवर "पाचच मिनिटं" म्हणून पडलो आणि उठलो एकला. ३०० ला वीस तास असतात, म्हणजे दोनची मुदत, आणि बेळगाव अजून पन्नास किलोमीटर, मध्ये सुतगट्टीचा घाट. मेहुणा टेम्पो घेऊन आला, काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

पण खरा घोळ सोमवारी. ओपनिंग स्टॉक अपलोड करताना पिग आयर्न, म्हणजे फाउंड्रीचं कच्चं लोखंड, १८,४०० किलो होतं, सिस्टीममध्ये युनिट टन होतं, आणि मी एक्सेलमधला आकडा तसाच चढवला. ४५,००० रुपये टनाचा माल, सव्वाआठ लाखांचा स्टॉक ब्याऐंशी कोटींचा झाला. सॉफ्टवेअरनं काही म्हटलं नाही, त्याला काय. स्टोअरचे काका प्रिंट बघून म्हणाले, "अरे हे ठेवायला अख्खं उद्यमबाग पुरायचं नाही की!" त्यांनी पकडलं म्हणून वाचलो. राइडही गेली आणि कामही बिघडलं, दोन्हीचं कारण एकच, झोप.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या कामाचा लोड रोज सारखा नसतो, पण तो कधी वाढणार हे बहुतेक वेळा आधी माहीत असतं. फिटनेस वाढवायला भरपूर वेळ लागतो पण आहे तेवढा टिकवायला फार थोडा पुरतो. म्हणून कामाच्या जड आठवड्यात फक्त टिकवायचं आणि हलक्या आठवड्यात वाढवायचं. आता हे करायचं कसं ते बघू.

सही करायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या

पगाराचं बोलणं झालं की लगेच. एक, काम इम्प्लिमेंटेशनचं, म्हणजे नवीन सिस्टीम बसवायचं, की सपोर्टचं. इम्प्लिमेंटेशनमध्ये डोंगर-दऱ्या असतात, दोन महिने मरमर आणि मग तीन आठवडे निवांत. सपोर्टमध्ये रोज थोडं थोडं, पण तिकीट, म्हणजे युजरची तक्रार, कधी येईल सांगता येत नाही आणि सगळं बंद पडलेलं तिकीट आलं की उठावंच लागतं. दोन, क्लायंट कुठले. युरोपचा असेल तर हे लक्षात ठेवा, त्यांचं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, आपलं बदलत नाही. जर्मनीतली दुपारी दोनची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे साडेपाचला असते, हिवाळ्यात साडेसहाला. अमेरिकेच्या पूर्वेकडचा सकाळी नऊचा कॉल साडेसहावरून साडेसातला जातो. संध्याकाळी पळणाऱ्याचं पूर्ण हिवाळ्याचं ट्रेनिंग या एका तासात जातंय, मी बघितलंय. तीन, फिरती किती. आणि चार, चालू प्रोजेक्टची गो-लाइव्हची, म्हणजे नवीन सिस्टीम प्रत्यक्ष चालू व्हायची, तारीख काय.

खेळाचं सांगायचं की नाही? सांगा, पण "माझा पॅशन आहे सर" वगैरे नको. मी एवढंच म्हणालो, "वर्षाला दोन इव्हेंट करतो, तारखा तीन महिने आधी देईन, त्या दोन दिवसांत फोन लागणार नाही, बाकी रविवारी सकाळी दहापर्यंत बाहेर असतो." मॅनेजर म्हणाले, "चालेल, पण गो-लाइव्हला नको." एवढं बोलणं पुरतं. लपवून ठेवलं आणि सोमवारी लंगडत गेलं की मग उगीच शंका येतात.

कॅलेंडर, भिंतीवरचं

फोनमधलं नको, स्वयंपाकघरातलं, ज्याच्यावर दुधाचा हिशेब असतो तेच. म्हणजे घरच्यांनाही दिसतं. त्याच्यावर आधी कामाच्या तारखा टाका, ट्रेनिंगच्या नंतर.

महिन्याचं चक्र असं असतं. २८ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ३-४ पर्यंत मंथ एंड, सगळ्यांना डिस्पॅच आत्ताच करायचा असतो आणि सगळ्यांचं सिस्टीम आत्ताच "स्लो" असतं. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं रिटर्न ३बी. तिमाही रिटर्न भरणाऱ्या छोट्या क्लायंटच्या तारखा वेगळ्या, पण पाच कोटींच्या वर उलाढाल असलेले सगळे या रांगेत. १० ला संध्याकाळी फोन येणारच, इन्व्हॉइस पोर्टलला जुळत नाही म्हणून. युजर निम्मे मराठी, निम्मे कन्नड, "सर, एंट्री आगवल्दु" (एंट्री होत नाहीय) हे वाक्य ऐकलं की मी घड्याळ बघतो.

म्हणजे मोकळं काय राहिलं? १२ ते १९, आणि २१ ते २७. हे दोन तुकडे आपले. मोठी राइड, लाँग रन, कडक इंटरव्हल जे काय असेल ते यातच. बाकी दिवस हलके. पुस्तकात तीन आठवडे चढवायचं आणि एक आठवडा उतरवायचा असं असतं ना, तो उतरवायचा आठवडा आपण मंथ एंडला टाकायचा, झालं. प्लॅन बदलावाच लागत नाही, फक्त सरकवावा लागतो.

वर्षाचं चक्र वेगळं लिहा. मार्च-एप्रिलवर सरळ काट मारा, ३१ मार्चचं क्लोजिंग, १ एप्रिलपासून नवीन नंबर सिरीज, आणि बऱ्याच कंपन्यांना गो-लाइव्हही १ एप्रिललाच हवं असतं. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिट, ३० ची मुदत, अकाउंट्सवाले रोज एक नवीन रिपोर्ट मागतात. आणि आपल्या गावाचं वेगळं कॅलेंडर आहेच. शिवजयंतीची मिरवणूक, अनंत चतुर्दशी, १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी असते पण गावात फेरी आणि मिरवणूक आणि बंदोबस्त, त्या दिवशी राइड करायची तर पहाटेच गावाबाहेर पडा. सीमेवर काही पेटलं की कोगनोळीला बसेस थांबतात, कागलच्या क्लायंटची व्हिजिट ऑनलाइन होते आणि येण्याजाण्याचे चार तास वाचतात. तेवढाच आम्हाला सीमाप्रश्नाचा फायदा.

पहिले तीन महिने काहीही वाढवू नका

नवीन नोकरीत डोकं इतकं दमतं की संध्याकाळी पाय ताजे असूनही उठवत नाही. हा आळस नाही, नवीन मॉड्यूल, नवीन माणसं, दिवसभर "हे असं का" विचारणारे युजर, याचं ओझं असतंच. या काळात आठवड्याला चार ते पाच तास धरा, त्याच्यावर नाही. दिवस कमी केले तरी चालतात, पण एकदोन सेशनमधला जोर ठेवा. आठवड्यातून दोनदा पस्तीस-चाळीस मिनिटं, त्यात दम लागेल असे चार-पाच तुकडे, आणि रविवारी एक लांब. एवढ्यानं दोन-अडीच महिने फिटनेस बऱ्यापैकी टिकतो. उलटं केलं, म्हणजे रोज नुसतंच रमतगमत एक तास, तर वेळही जातो आणि धारही जाते. पूर्ण बंद केलं तर मात्र दोन आठवड्यांत उतार लागतो.

लांबच्याला वेग ठेवू नका. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एवढीच परीक्षा. आमच्यात एकजण घाटात पण राजकारणावर बोलतो, त्याच्यासारखं.

सकाळ कशी काढायची

आपल्याकडे सूर्य जानेवारीत सातच्या सुमारास उगवतो आणि मे-जूनमध्ये सहाला. म्हणून हिवाळ्यात सकाळी साडेपाचला रस्त्यावर जायचं तर पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, दोन्ही, आणि रिफ्लेक्टर जॅकेट. आठवड्याच्या दिवसात मी लांब जातच नाही. पळायला टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो, झाडं आहेत, माती आहे, गुडघ्याला बरं. नाहीतर कॅम्पातले रस्ते, रुंद आणि सावलीचे. चढ पाहिजे तर येळ्ळूरचा राजहंसगड, वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, तीनदा चढून उतरलं की तासाभरात काम होतं आणि आठला घरी.

रात्रीच सगळं काढून ठेवा हे सगळे सांगतात, मी एक वाढवतो. लॅपटॉप बॅगेत भरून ठेवा आणि सकाळी मेल बघू नका. पळायच्या आधी मेल उघडला की पळणं संपलं, पाच वेळा अनुभव घेतलाय. बूट घालून सोफ्यावर बसून मी पर्चेस ऑर्डरचं अप्रूव्हल शोधत बसलेलो, आई म्हणाली, "बूट काढ आणि बस तरी."

संध्याकाळचा प्लॅन करू नका. संध्याकाळ मिळाली तर बोनस.

लांब राइडचे रस्ते आणि मोसम

जून ते सप्टेंबर जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हे दिसायला स्वर्ग आहे पण शेवाळ, धुकं, आणि वळणावर ट्रक. माझं मत, पावसात ते ग्रुपनं आणि उजाडल्यावरच. एरवी घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, एक तास, कंटाळवाणं आहे पण फुकट फिरण्याचा वेळ त्यात नसतो, साठ मिनिटं म्हणजे साठ मिनिटं. नव्या नोकरीवाल्याला खरं तर पावसाळा सोयीचा.

पाऊस संपला की ऊस चालू. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, गाणी मोठ्यानं, आणि रस्त्यावर पडलेला ऊस. पुढच्या चाकाखाली ऊस आला की काय होतं ते माझ्या कोपराला विचारा. त्या मोसमात तिकडं अंधारात जाऊ नका, अजिबात. हायवेनं वंटमुरी, सुतगट्टी असं जायचं तर उजाडल्यावर निघा आणि ऊन चढायच्या आत परत या.

आणि क्लायंट व्हिजिटचा उपयोग करून घ्या. शुक्रवारी कागलला जायचं असेल तर मी कधीकधी सायकल कंपनीच्या गाडीत मागं टाकतो, संध्याकाळी निपाणीला उतरतो, रात्री मामाकडं राहतो आणि शनिवारी सकाळी सायकलनं घरी येतो, पाऊणशे किलोमीटर. रविवार पूर्ण घरच्यांना. हे एकदा केलं की बायकोचा सायकलवरचा राग निम्मा होतो.

गो-लाइव्हचा महिना

हा भाग नीट वाचा, बाकी इकडंतिकडं झालं तरी चालेल.

चार आठवडे आधी, युजर टेस्टिंग चालू असतं. नेहमीचं ट्रेनिंग चालू द्या, पण नवीन काही नको, नवीन सॅडल नको, नवीन बूट नको. दुखापतीचा इलाज करायला पुढं वेळ नसणार. तीन आठवडे आधी लांबचं सेशन तीन तासांवरून दोनवर आणा. दोन आठवडे आधी मास्टर डेटा साफ करायचं काम येतं, त्यात एका आयटमचे तीन कोड, स्पेलिंग वेगळं, युनिट वेगळं. डोळे आणि डोकं जातं. आठवड्याला तीन सेशन, प्रत्येकी चाळीस मिनिटं. कटओव्हरच्या आठवड्यात रोज वीस मिनिटं चालणं, बस. पळू नका. पळून बरं वाटेल पण त्याची भरपाई झोपेतून जाईल आणि झोपेतून गेलं की पिग आयर्न ब्याऐंशी कोटींचं होतं.

झोपेचा माझा नियम आता एकच आहे. सहा तासांच्या खाली झोप झाली तर सकाळचं सेशन रद्द, अलार्म एक तास पुढं. सलग दोन रात्री तसं झालं तर त्या आठवड्यातलं जोराचं सगळं रद्द. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजा, रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर शरीर अजून दमलेलं आहे किंवा आजार येतोय, घड्याळ काहीही सांगू दे.

गो-लाइव्हनंतर दोन-तीन आठवडे हायपरकेअर असतं, म्हणजे आपण क्लायंटच्याच शॉपफ्लोअरवर. तिथं खरं तर दिवसाला आठ-दहा हजार पावलं होतात, गोडाऊन ते डिस्पॅच ते अकाउंट्स. ते मोजा, पाय त्यालाही दमतात. परत चढवताना गेला तो लोड एकदम भरून काढायला जाऊ नका. चुकलेलं सेशन गेलं. आधीच्या निम्म्यावर सुरू करा, दर आठवड्याला थोडं थोडं, तीन-चार आठवड्यांत जागेवर येता.

खाणं

क्लायंटकडे गेलं की चहा. अकराला, एकला, तीनला, साडेचारला, आणि नाही म्हटलं की माणसाला वाईट वाटतं. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेचारच्या चहातलं निम्मं रात्री साडेनऊला अंगात असतं. मी दोननंतर "दूध द्या की" म्हणतो, हसतात, पण देतात. नाश्त्याला पुरी-भाजी, दुपारी मीटिंग म्हणून जेवण तीनला, हे रोज झालं की वजन चढतं आणि रविवारी घाटात कळतं. डबा न्या. भाकरी, उसळ, दही. एवढं पुरे.

राइड दीड तासाच्या वर गेली की तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम. चपातीला गूळ लावून गुंडाळी केली की पस्तीसेक ग्रॅम, फॉइलमध्ये गुंडाळून मागच्या खिशात, तूप कमीच. ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच असतं, म्हणजे ते मीठ-पाण्यासाठी, इंधन म्हणून धरू नका, ही चूक खूप जण करतात. आणि कुंदा राइडमध्ये नको, खव्याचा जड पदार्थ, चढाला पोटात दगड होतो. राइड संपल्यावर खा, तेव्हा कोण अडवतंय.

बसणं हा वेगळाच विषय आहे. दिवसभर खुर्ची आणि मग सायकलवर परत वाकून, कंबर धरते. कॉल उभं राहून घ्या, एवढं जरी केलं तरी फरक पडतो.

इव्हेंट निवडणं

पहिल्या वर्षी एकच मोठा, तोही जॉइन होऊन सहा महिन्यांच्या पुढचा. नोंदणी महिनोन्‌महिने आधी होते आणि प्रोजेक्टच्या तारखा शेवटच्या क्षणी सरकतात, त्यामुळे कॅन्सलचा नियम वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

गोव्याची आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉन म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, ती होते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपल्याला चोर्ल्यानं उतरलं की गोवा, पण तिचं सगळ्यात जड ट्रेनिंग ऑगस्ट-सप्टेंबरला येतं, म्हणजे पाऊस आणि ऑडिट एकत्र. नवीन माणसानं दुसऱ्या वर्षी करावी, आणि विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी आधी दोनदा समुद्रात उतरून बघावं, लाटेत डोकं वर काढून दिशा बघणं वेगळंच असतं. साताऱ्याची हिल हाफ ऑगस्ट-सप्टेंबरकडे असते, २१ किमीच आहे, आठवड्याला पाच तासांत तयारी होते, पहिल्या वर्षाला मी तीच सांगतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, तिचं जड ट्रेनिंग नोव्हेंबर-डिसेंबरात, हवा छान, मार्च लांब. पूर्ण ४२ करायची असेल तर ही.

बीआरएमला २०० पासून सुरू करा, साडेतेरा तास असतात. ट्रकमधल्या मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत २०० किमीला एक दिवस, म्हणजे सरकारच्या हिशेबात आपण ट्रकच्या पुढंच. ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. शेवटच्या दोन्हींत रात्र जागवावी लागते आणि सोमवारी पूर्ण सुट्टी लागते, अर्धी नाही. ती सुट्टी इव्हेंटच्या अर्जासोबतच टाका. सोमवारी ऑफिसला जाऊन "फक्त साधं काम करतो" म्हणू नका, स्टॉक अपलोड हे मला साधंच काम वाटलं होतं.

निघायच्या आधी शुक्रवारी हँडओव्हर द्या. कुठलं तिकीट कुठल्या टप्प्यावर, कुणाचा पासवर्ड रीसेट बाकी, क्लायंटचा कुठला माणूस चिडलेला आहे, एका पानात. आणि क्लायंटला आपणच सांगा की दोन दिवस अमुक माणूस बघेल. मी मागच्या महिन्यात ३०० परत भरली तेव्हा स्टोअरच्या काकांनाही सांगून निघालो. रविवारी पहाटे एक चाळीसला पोचलो, वीस मिनिटं शिल्लक. सोमवारी झोपून उठलो तर त्यांचा मेसेज होता, "पोचलास काय? स्टॉक मंगळवारी बघू."